बाळावर कॅमेरा लावला म्हणजे माया कमी झाली?

मांजलपूरवाली (धागाकर्ती)

रविवारी आपल्या बडोद्याच्या ग्रुपवर दांडियाबझारकर काकांनी बेबी मॉनिटरच्या जाहिरातीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "ज्या घरात तान्ह्या बाळावर कॅमेऱ्याने नजर ठेवावी लागते, त्या घरात माणसं नाहीत किंवा माया नाही." त्याला भराभर अंगठे आले. तिथेच उत्तर द्यायला बसले होते, पण ते लांबलं. म्हणून वेगळा धागा.

काका, माझ्या घरात मोठी माणसं दोनच. नवरा कोयलीला रिफायनरीत, शिफ्ट ड्यूटी. सासूबाई लग्नाआधीच गेल्या. माझी आई नागपूरला, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तरी येऊन सव्वा महिना बाळंतपण करून गेली. त्यानंतर बाळ आणि मी. मुलगी आता आठ महिन्यांची आहे. दुपारी ती आतल्या खोलीत झोपते आणि स्वयंपाकघर घराच्या दुसऱ्या टोकाला. कुकर, मिक्सर, एक्झॉस्ट फॅन चालू असला की बंद दारापलीकडचं रडणं ऐकू येत नाही, आणि दार उघडं ठेवलं की शिट्टीने ती दचकून उठते. म्हणून कॅमेरा कपाटावर, कॉटपासून लांब, आणि त्याची स्क्रीन ओट्यावर मिसळणाच्या डब्याशेजारी. ती हुंकारली की स्क्रीनवरच्या हिरव्या दिव्यांची रांग चढायला लागते. कठडा धरून उभी राहिलेली मी तिला पहिल्यांदा पाहिली ती पोळ्या लाटताना, त्या स्क्रीनवरच. त्याच संध्याकाळी आम्ही कॉटचा तळ खालच्या खाचेत बसवला. स्क्रीन नसती तर ती उभी राहायला लागली हे मला ती कठड्यावरून खाली आल्यावर कळलं असतं.

रात्री ती आमच्याच खोलीत, आमच्या पलंगाला लागून असलेल्या कॉटमध्ये असते. मग रात्री कॅमेरा कशाला? ती आठला झोपते, मी अकराला. मधल्या वेळात मी त्या अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे बघत बसायचं का? जेवायचं, भांडी आवरायची, नवऱ्याचा डबा भरायचा. आणि बाळं झोपेतच कण्हतात, तोंड वेडंवाकडं करतात, हातपाय झाडतात. तेवढ्यासाठी धावत जाऊन उचललं तर झोपलेलं पोर आपणच उठवतो. नाईट व्हिजनमध्ये दिवा न लावता दिसतं की डोळे मिटलेले आहेत. दोन मिनिटं थांबलं की पुन्हा शांत.

आता "आमच्या वेळी घर भरलेलं असायचं" याबद्दल. असायचं, मान्य. पण त्या भरलेल्या घरात बाळाशेजारी बसायचं काम कुणाच्या वाट्याला यायचं? विधवा आत्या, लग्न न झालेली मावशी, धाकट्याला सांभाळायला शाळा बुडवून घरी राहिलेली मोठी बहीण. माझी आजी तशी बहीण होती. चौथीतून काढली तिला. तिच्या झोपेचा, तिच्या शाळेचा हिशेब कुणी मांडला नाही आणि आज त्याला माया म्हणायचं. त्या बायकांची माया मला मान्य आहे. पण ती त्यांच्याकडून फुकट घेणाऱ्यांनी आज मला माया शिकवू नये.

दांडियाबझारकर

ताई, मी ते तुम्हाला उद्देशून लिहिलं नव्हतं. पण मागेही घेत नाही.

मी दांडिया बाजारातल्या वाड्यात वाढलो. बाळंतिणीची खोली माजघराला लागून, मध्ये फक्त एक पडदा. बाळाने हुं केलं की स्वयंपाकघरातून, चौकातून, वरच्या माडीवरच्या बिऱ्हाडातून, कुणी ना कुणी आत डोकावायचं. काका-मामासुद्धा घ्यायचे, बायकाच घ्यायच्या असं नाही. माझ्या वडिलांनी मला खांद्यावर घेऊन सुरसागर तलावाच्या कडेने रात्री फेऱ्या मारल्याचं आई शेवटपर्यंत सांगायची.

माझी तक्रार कुठून आली ते सांगतो. मुलगा पुण्यात. नात चार महिन्यांची झाली तेव्हा आम्ही दोघं गेलो. दुपारी ती उठली असं वाटून मी दाराशी गेलो तर मुलगा म्हणाला, "बाबा, आत जाऊ नका, झोपलीय, कॅमेऱ्यात दिसतंय," आणि मोबाईल माझ्या हातात दिला. मी त्याच घरात, दाराच्या अलीकडे उभा, आणि माझी नात मी मोबाईलवर बघायची. दहा दिवस तेच. कॅमेरा एकट्या बाईच्या सोयीचा असेल, पण ज्या घरात माणसं आहेत तिथे तो माणसांना खोलीबाहेर काढतो. माझा राग त्याच्यावर आहे.

भायलीचा बाबा

काकांचा राग मला पटतो, पण माझं कारण वेगळं आहे. कॅमेऱ्याने आमची झोप गेली.

पहिला महिना मी रात्रभर स्क्रीन उशाशी घेऊन मुलाची छाती हलते का ते बघायचो. आणि ती थांबायची! पाच-सात सेकंद श्वास नाही, मग भराभर तीन-चार. मी बायकोला उठवायचो, ती त्याला उठवायची, तिघं जागे. शेवटी डॉक्टरांनी समजावलं की तान्ह्या बाळांचा श्वास असाच चालतो, छोटे थांबे नेहमीचे असतात; वीस सेकंदांच्या पुढे गेलं, ओठ निळे पडले, अंग सैल पडलं तर मात्र ताबडतोब घेऊन या. हे कॅमेऱ्याच्या खोक्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं.

मग मित्राने पायात घालायचा मोजा सुचवला, ऑक्सिजन आणि नाडी दाखवणारा. तो घेतला नाही, कारण वाचल्यावर कळलं की असा मोजा विकणाऱ्या कंपनीला अमेरिकेच्या औषध-उपकरण खात्याने, एफडीएने, २०२१ मध्ये परवानगीविना वैद्यकीय उपकरण विकल्याबद्दल पत्र धाडलं होतं. परवानगी मिळाली ती २०२३ मध्ये. आता आमच्याकडे फक्त आवाजाचा मॉनिटर आहे. रडला तर ऐकू येतो. बाकी मला काही बघायचं नाही.

सुभानपुऱ्याच्या सिस्टर

मी प्रसूती वॉर्डात आणि नंतर नवजात कक्षात नोकरी केली, आता निवृत्त आहे. दोन्ही बाजू वाचल्या. तुम्ही सगळे कॅमेऱ्यावर भांडताय आणि कॅमेऱ्याखाली बाळ कसं झोपवलंय त्यावर कुणी बोलत नाही.

बाळ पाठीवर, दुपारच्या झोपेलाही पाठीवर. सपाट, कडक गादी. कॉटमध्ये बाळाशिवाय काही नको: दुलई नको, मऊ खेळणी नकोत, आणि ती मोहरीची उशीही नको, डोकं गोल व्हायला काय वाट्टेल ते म्हणोत. घरात कानटोपी नको; बाळ जास्तीची उष्णता डोक्यातून सोडतं आणि आपल्या बडोद्याच्या मे महिन्यात लोक पंखा बंद करून, टोपी घालून, दुपट्यात गुंडाळून ठेवतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकॅडमीने २०२२ मध्ये सूचना नव्याने काढल्या, त्यात निदान पहिले सहा महिने बाळ आईवडिलांच्या खोलीत पण स्वतःच्या जागेवर झोपावं असं म्हटलंय. आणि घरी लावायच्या श्वास-नाडीच्या यंत्रांनी अचानक होणारा बाळमृत्यू टळतो असं धरून चालू नका, हेही त्यातच आहे. १९९४ पासून तिकडे "पाठीवर झोपवा" एवढंच सांगायला लागले आणि असे मृत्यू निम्म्याच्या आसपास आले. यंत्राशिवाय.

कॅमेरा लावायचा तर तार कॉटपासून निदान तीन फूट लांब. कठड्याला कॅमेरा बांधून खाली तार लोंबती ठेवलेली मी पाहिलीय, आणि बाळ आठव्या महिन्यात हात लांबवून ती ओढतं. मांजलपूरच्या ताईंनी कपाटावर ठेवलाय ते बरोबर केलंय.

शेवटचं. सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन डुलकी काढू नका. थकलेल्या आईबापांना ते सगळ्यात सुरक्षित वाटतं आणि ते सगळ्यात धोक्याचं आहे. आणि घोडियुंमध्ये, म्हणजे चौकटीला कापडाची झोळी टांगलेल्या गुजराती पाळण्यात, रात्रभर ठेवू नका.

रावपुऱ्याची आजी

सिस्टर, बाकी सगळं ऐकलं, शेवटचं वाक्य ऐकणार नाही.

माझी मुलं, नातवंडं, दिरांची मुलं घोडियुंतच वाढली. संखेड्याचं लाकडी घोडियुं आहे आमच्याकडे, लाखेच्या रंगाचं, सासूबाईंच्या वेळचं, अजून रंग उडालेला नाही. त्याला जुन्या सुती लुगड्याचं खोयुं, म्हणजे झोळी. भर दुपारी पायाच्या अंगठ्याला दोरी अडकवून मी तांदूळ निवडायची, तोंडाने अंगाई, आणि बाळ गाढ. कॉटमधली मुलं दर अर्ध्या तासाने उठतात आणि खोयुंतली चार-चार तास झोपतात, हे या गावातल्या कुठल्याही बाईला विचारा. इथल्या गुजराती घरात घोडियुं नाही असं घर दाखवा.

तुमचा तो कॅमेरा पुराच्या वेळी कुठे होता? २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शिरलं, लाईट गेली, नेट गेलं. आमच्या घोडियुंला लाईट लागली नाही.

मांजलपूरवाली

आजी, पुरात आमचा कॅमेरा बंद होता. कारण लाईट नव्हती, कुकर-मिक्सर काहीच चालू नव्हतं आणि घरातलं कुणी कुठे जात नव्हतं. तेव्हा त्याची गरजही नव्हती.

सुभानपुऱ्याच्या सिस्टर

आजी, तुमचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. पण बाळ चार तास झोपलं याचाच मला धोका वाटतो. खोयुंचं कापड बाळाच्या वजनाने खाली झोल खातं, पाठीचा धनुष्य होतो आणि हनुवटी छातीवर टेकते. तीन-चार महिन्यांच्या आतल्या बाळाचं डोकं जड आणि मान कच्ची. श्वासनळी मऊ असते, ती दुमडते. ते बाळ रडत नाही, धडपडत नाही. बाहेरून गाढ झोपल्यासारखंच दिसतं. आणि कापडाच्या दोन्ही बाजू वर आलेल्या असतात, त्यामुळे चेहरा दिसतच नाही, ना तुम्हाला ना कॅमेऱ्याला. कॅमेऱ्यावर भरवसा ठेवून घोडियुंत झोपवणाऱ्यांनी तर हे नीट वाचा.

रावपुऱ्याची आजी

कापड झोल खातं ते बांधणाऱ्याला बांधता येत नाही म्हणून. आम्ही ताणून बांधायचो, आत फळी आणि वर गोधडी. पाठ आडवी राहते.

न्यू जर्सी ते अलकापुरी

अमेरिकेत २०२२ मध्ये कायदाच झाला, १० अंशांपेक्षा जास्त उतार असलेलं बाळाच्या झोपेचं काहीही विकायचं नाही. त्याआधी एका प्रसिद्ध झोपाळ्यात बाळं दगावली, २०१९ मध्ये सत्तेचाळीस लाख नग परत मागवले. आम्ही तो झोपाळा मोठ्या मुलीसाठी वापरला होता. बातमी वाचल्यावर हातपाय गार पडले. इथे आल्यावर सासूबाईंनी घोडियुं काढलं तेव्हा मी स्पष्ट नाही म्हटलं आणि महिनाभर घरात अबोला होता.

रावपुऱ्याची आजी

घोडियुं उतरतं नसतं. दोन्ही कड्या एका उंचीवर असतात. तुमचा कायदा उताराचा आहे.

दांडियाबझारकर

इथे एक गोष्ट कुणी लक्षात घेत नाही. घोडियुं आपलं नाहीच. आपला पाळणा लाकडी, तळ सपाट, चारी बाजूंनी कठडा, कडीपाटाच्या कडीला साखळ्यांनी टांगलेला. बारशाला "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" करत बाळ त्यात घालायचं. सिस्टर सांगताहेत ती सपाट गादी आपल्या लोकांना शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होती. बडोद्याला राहून आपण पाळणा सोडला आणि खोयुं धरलं.

कारेलीबागची सून

काका, आता कडीपाट कुठे आहे? आमच्याकडे बारशाला पाळणा मंडपवाल्याकडून भाड्याने आला, फुलं लावून. फोटो झाले, संध्याकाळी परत गेला. मग सव्वा महिन्यापासून शेजारच्या बेननी दिलेलं लोखंडी घोडियुं.

सुभानपुऱ्याच्या सिस्टर

सपाट तळाचा पाळणा, आत पातळ घट्ट गादी, उशी नाही, कडेच्या दांड्यांतून डोकं जाणार नाही इतकी कमी फट, आणि बाळ झोपल्यावर हलवणं बंद: एवढं असेल तर काकांच्या पाळण्याला माझी हरकत नाही. बाळ उठून बसायला लागलं की तोही बंद. घोडियुंबद्दल माझं मत बदललेलं नाही. आणखी एक, आजी: मोठं भावंड खोयुंत बसून गोल गोल पीळ घेतं आणि तो पीळ गळ्याभोवती बसतो. अशा बातम्या पेपरात येतात, तुम्हीही वाचल्या असतील.

रावपुऱ्याची आजी

वाचल्यात. म्हणून मोठ्या पोराला मी जवळ फिरकू देत नव्हते. घोडियुंजवळ माणूस बसलेलं असतं, एवढं तरी माना.

सुभानपुऱ्याच्या सिस्टर

माणूस बसलेलं असेल आणि चेहरा उघडा दिसत असेल तर दिवसाची डुलकी चालेल. रात्र नाही. तीन महिन्यांच्या आत तर नाहीच. याच्यापुढे मी एक पाऊल येणार नाही.

भायलीचा बाबा

पण माणूस बसतंय कुठे? आमच्या सोसायटीत आता मोटरचं घोडियुं आलंय. बटण दाबलं की तासभर आपोआप झुलतं. शेजारी नवरा-बायको दोघं लॅपटॉपवर, बाळ बेडरूममध्ये मोटरवर झुलतंय, आणि वर कॅमेरा. विचारलं तर म्हणाले, "आमच्या आईनेही दोरीच ओढली ना."

रावपुऱ्याची आजी

ते मला अजिबात चालत नाही. दोरी ओढणाऱ्या पायाला कळतं बाळ झोपलं की चुळबुळतंय. खोयुं हलकं लागतं, जड लागतं. मोटरीला काय कळणार? बाळ रडून रडून दमलं तरी ती झुलवतच राहील.

मांजलपूरवाली

आजी, तेच तर मी म्हणतेय. मोटर माणसाचं काम स्वतः करायला जाते आणि तिला ते येत नाही. कॅमेरा बाळाला काही करत नाही. झुलवत नाही, थापटत नाही. ती उठली हे मला सांगतो आणि उठून जाते मी. तुमच्या पायाला खोयुंचं वजन जसं कळतं तसं मला माझ्या ओट्यावर तिची हालचाल कळते.

रावपुऱ्याची आजी

कळते म्हणतेस तर असेल. तुझ्या घरात दुसरं कुणी नाही म्हणून तुझ्यापुरतं मी ऐकते. सगळ्यांना लागू करू नकोस.

वाघोडिया रोडचा नेटवर्कवाला

घोडियुं संपलं असेल तर मूळ विषयावर येऊ. इथे सगळे "कॅमेरा" म्हणताय, पण दोन वेगळ्या वस्तू आहेत.

एक, वायफाय नसलेला मॉनिटर: कॅमेरा आणि स्क्रीन आपसात २.४ गिगाहर्ट्झवर सतत चॅनल बदलत बोलतात, चित्र घराबाहेर जात नाही. काँक्रीटच्या दोन-तीन भिंती मध्ये आल्या की पल्ला कमी होतो, एवढाच त्रास. दुसरा, दीड-दोन हजारांचा फिरता वायफाय कॅमेरा. बडोद्यात बहुतेक लोक हाच बाळाच्या खोलीत लावतात. त्याचं चित्र कंपनीच्या सर्व्हरवरून तुमच्या मोबाईलवर येतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणी खोलीतल्या कॅमेऱ्याचं चोरलेलं चित्रण यूट्यूब-टेलिग्रामवर विकायला निघालं. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी माणसं पकडली. कुणाच्या आया-बहिणी होत्या त्या. ही गोष्ट आपल्या राज्यातली, आपल्यापासून काही तासांवरची, आणि तरीही लोक खोक्यातून निघालेला पासवर्ड तसाच ठेवतात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले असेच कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले, ते फक्त कंपनीचे ठरलेले पासवर्ड एकामागून एक लावून बघत. ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून सगळ्या नगांना एकच सोपा पासवर्ड देऊन विकायला बंदी घातली. बाळाची खोली म्हणजे आई जिथे पाजायला बसते ती खोली. पासवर्ड बदला, दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा, अपडेट आलं की करा, आणि पाजायच्या खुर्चीकडे कॅमेऱ्याचं तोंड नको. मी लोकांच्या घरी नेटवर्क बसवायला जातो तेव्हा हे प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण "आमच्याकडे कोण बघणार" म्हणतो.

कारेलीबागची सून

नेटवर्कवाले दादा, आमच्याकडे कोण बघणार ते मी सांगते. घरचेच.

आम्ही वर, सासू-सासरे खाली. कॅमेरा नवऱ्याने आणला आणि सासऱ्यांच्या मोबाईलवर चालू केला, कारण तेव्हा ते खाली मोकळे बसले होते. माझ्या मोबाईलवर नंतर आला. पहिल्या आठवड्यात रात्री दोनला मी बाळाला पाजत होते आणि कॅमेऱ्यातून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, दुपट्यात गुंडाळ तिला, पाय उघडे दिसताहेत." बाळ दचकून किंचाळलं. मी पदर ओढून घेतला. सासूबाई झोप येत नाही म्हणून बघत होत्या, वाईट हेतू नव्हता, हे मला कळतं. पण तो मोबाईल सासऱ्यांचा आहे.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "आई-बाबांना नात बघायला आवडते, त्यात काय." तेव्हापासून मी पाजताना कॅमेऱ्यावर टॉवेल टाकते. दुसऱ्या दिवशी खालून विचारणा होते, "काल रात्री दिसत का नव्हतं?" दांडियाबझारकर काका, तुम्हाला नातीच्या खोलीबाहेर काढलं याचं तुम्हाला दुःख झालं. मला माझ्याच खोलीत एकटं बसू दिलं जात नाही. हा कॅमेरा बाळापेक्षा माझ्यावर लागलाय.

न्यू जर्सी ते अलकापुरी

ताई, हे भयंकर आहे. कॅमेरा काढून टाका, आजच.

भायलीचा बाबा

काढून टाका हे सांगणं सोपं आहे. घर त्यांचं आहे.

कारेलीबागची सून

दुपारी मला पण तो लागतो. मी खाली स्वयंपाक करते, बाळ वर असतं. मांजलपूरच्या ताईंचं सगळं म्हणणं मला पटतं. मला कॅमेरा हवाय, प्रेक्षक नकोत.

दांडियाबझारकर

सूनबाईंचं वाचलं आणि दोनदा वाचलं. सासऱ्यांच्या वयाचा मी आहे. सुनेच्या खोलीतलं चित्र माझ्या मोबाईलवर कुणी लावून दिलं असतं तर मी ते त्याच क्षणी बंद करायला सांगितलं असतं. तुमच्या सासऱ्यांना ते सुचायला हवं होतं. वाड्यात चौदा माणसं राहायची, पण बाळंतिणीच्या खोलीत पुरुष विचारल्याशिवाय पाऊल टाकत नसे.

मांजलपूरच्या ताई, माझ्या रविवारच्या वाक्यातलं "माया नाही" मी काढून टाकतो. "माणसं नाहीत" राहू देतो, कारण ते तुम्हीच कबूल केलंत. आणि मुलाच्या घरी मला दाराशी थांबवलं ते चुकीचंच होतं, त्यात मी बदल करणार नाही.

मांजलपूरवाली

"माणसं नाहीत" राहू द्या काका, ते खरंच आहे. आणि पुण्याच्या दाराशी तुम्हाला थांबवायला नको होतं, हेही मी म्हणते. झोपलेल्या बाळाशेजारी आजोबा गुपचूप बसले तर बाळाचं काही बिघडत नाही. पण मुलगाही रात्री तिला घेऊन फेऱ्या मारून दमलेला असेल. त्याला तिची झोप मोडण्याची भीती आहे. तुम्हाला बाहेर ठेवायचं त्याच्या मनात नसावं. त्याच्याशी बोला, ग्रुपवर जाहिरातीखाली लिहू नका.

दांडियाबझारकर

बोलेन. तुमच्या सांगण्यावरून नाही, दिवाळीला तो येणारच आहे म्हणून.

कारेलीबागची सून

नेटवर्कवाले दादा, सासऱ्यांच्या मोबाईलवरून कॅमेरा काढायचा कसा? पासवर्ड बदलला की त्यांना दिसणं बंद होईल ना?

वाघोडिया रोडचा नेटवर्कवाला

मुख्य खातं कुणाचं आहे त्यावर अवलंबून. तुमचं असेल तर ॲपमध्ये "शेअर" किंवा "कुटुंब" असं पान असतं, तिथून त्यांचं नाव काढा, मग पासवर्ड बदला आणि सगळ्या मोबाईलवरून लॉगआउट हा पर्याय दाबा. नुसता पासवर्ड बदलून काही ॲपमध्ये आधी उघडलेलं चालूच राहतं.

कारेलीबागची सून

मुख्य खातं सासऱ्यांचं आहे. माझ्याकडे शेअर केलेलं.

वाघोडिया रोडचा नेटवर्कवाला

मग कॅमेरा रीसेट करावा लागेल. बहुतेक कॅमेऱ्यांना मागे किंवा खाली पिन घालून दाबायचं बारीक छिद्र किंवा बटण असतं. आवाज येईपर्यंत दाबून ठेवा, मग तुमच्या मोबाईलवरून तुमच्या नावाने नव्याने जोडा. पण बरेच कॅमेरे जुन्या खात्यातून काढल्याशिवाय नव्या खात्याला जोडलेच जात नाहीत. तसं असेल तर सासऱ्यांच्या मोबाईलवरच "डिव्हाइस काढा" दाबायला लागेल. ते नवऱ्याला करायला सांगा. आणि कॅमेऱ्यात मेमरी कार्ड असेल तर आधी ते काढून स्वतःकडे ठेवा, पहिल्या आठवड्यापासूनचं सगळं त्यात असू शकतं.

कारेलीबागची सून

कार्ड आहे. आत्ता काढते. नवऱ्याला हा धागा वाचायला देते, मग खाली जाऊन बोलायचं ते त्यानेच बोलावं.